शुक्रवारी तापणारं इंजिन

प्रिय ईरा आणि निनाद,

तुम्ही पाठवलेला व्हिडिओ पाहिला. तळ्याच्या मधोमध भाड्याची बोट, इंजिनातून वाफ निघते आहे आणि तुम्ही दोघं लाइफ जॅकेट घालून वेफर्स खात बसला आहात. बोटवाल्या कंपनीचा माणूस यायला तीन तास लागले, हे तुम्ही मोठी गंमत म्हणून सांगितलंत. मी फोनवर एकच प्रश्न विचारला, "मागून पाण्याची धार पडत होती का?" त्यावर ईरा म्हणाली, "आजी, ते टेक्निकल आहे गं. तुला नाही कळणार."

याला आज पाच दिवस झाले आणि माझा राग अजून गेलेला नाही. त्यातच दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला की परिचारिका म्हणून केलेल्या नोकरीच्या आठवणी लिहा, सेवेचे हृद्य प्रसंग असतील तर फारच छान. हृद्य प्रसंग माझ्याकडे थोडे आहेत, आणि तेही मी लिहिणार नाही. माझ्याकडे एक इंजिन आहे. त्याच्याबद्दल लिहिते. संपादकांना चालेल की नाही ते त्यांनी बघावं. तुम्ही दोघांनी मात्र हे शेवटपर्यंत वाचायचं आहे, आणि पुढच्या सुट्टीत पुन्हा तळ्यावर जाण्याआधी वाचायचं आहे.

नोकरीची अकरा वर्षं मी कोयनेच्या जलाशयावर, लाँचमधल्या दवाखान्यात काढली. खात्याचं नाव लिहीत नाही, पेन्शन तिथूनच येते. धरणाचं पाणी मागे डोंगरांत फार आतपर्यंत शिरलेलं आहे. पलीकडच्या काठावर खिरमुरा आणि आणखी दोन वाड्या. त्यांना रस्त्याने दवाखाना गाठायचा तर डोंगराला वळसा घालून निम्मा दिवस जायचा. लाँचने पाऊण तास. रविवार सोडून रोज सकाळी आमची लाँच निघायची. मी, औषधांचं कपाट, बर्फात ठेवलेला लशींचा डबा आणि लाँच चालवणारे बबनराव. जाता-येता काठावरची माणसं, शेळ्या, दळणाची पोती आणि कधी कधी नवरीसुद्धा. नियमाप्रमाणे फक्त रुग्ण घ्यायचे होते. पण गुडघा दुखतो असं म्हणणाऱ्याला मी कशी नाकारणार? त्या काठावर सगळ्यांचेच गुडघे दुखायचे.

आता इंजिनाचं. हे समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. सांगलीला माझ्या वडिलांचं कृष्णेकाठी ऑइल इंजिन होतं, नदीचं पाणी उसाला चढवायला. डिझेल जळतं तिथे लोखंड तापतं, म्हणून थोडं पाणी त्याच्या अंगातून फिरवतात आणि एका नळीने बाहेर सोडतात. मी इंग्रजी शाळेत जायचे, वेणीला रिबन, पायात पांढरे मोजे, आणि वडील मला त्या नळीखाली हात धरायला लावायचे. "दहा आकडे मोज. हात ठेववतोय का? मग बरं चाललंय. ठेववत नाही? मग पाणी कुठं अडलंय ते शोध." इंग्रजी मला शाळेने शिकवलं. बाकीचं त्या नळीने.

लाँचचं इंजिनही तसंच. तळाशी, डाव्या अंगाला, जाळी लावलेलं एक तोंड. तिथून जलाशयाचं पाणी आत येतं. मग एक गाळणी. मग एक छोटा पंप, त्यात सहा पात्यांचा रबरी पंखा, त्याला इंपेलर म्हणतात. तो पाणी ढकलतो, ते इंजिनातून फिरतं आणि मागच्या नळीतून धुराबरोबर भसाभसा बाहेर पडतं. धूर दिसला आणि पाणी दिसलं नाही तर समजायचं की इंजिन तहानलेलं आहे. मी तुम्हाला फोनवर विचारलेला प्रश्न हाच होता.

पहिल्यांदा ते तापलं तेव्हा आम्ही पाण्याच्या ऐन मध्यावर होतो. तापमानाचा काटा लाल भागात गेला, रबर जळल्याचा वास आला आणि बबनरावांनी इंजिन बंद करून बादली उचलली.

"बादली खाली ठेवा!" मी ओरडले.

"आवं बाई, पेटल की आता!"

"तापलेल्या लोखंडावर गार पाणी ओतलं तर इंजिनाचं हेड तडकेल. मग पेटण्याइतकंही काही उरणार नाही. झाकण उघडा आणि गप्प बसा."

गप्प कोण बसतंय! लाँचमध्ये खिरमुऱ्याच्या हौसामावशी होत्या. साठी उलटलेल्या, तंबाखूची मिश्री लावणाऱ्या, पलीकडच्या काठावरच्या सगळ्या बायकांच्या पुढारी. "शिस्टर, तुमच्या डब्यातला बरफ ठिवा की त्याच्या डोस्क्यावर!"

"मावशी, तो बर्फ लशीसाठी आहे."

"लस काय पळून जात्या व्हय? हितं आमी उनात वाळाय लागलोय!"

इंजिन निवायला चाळीस मिनिटं गेली. तेवढ्यात मी तळाच्या पाण्याचा कॉक बंद केला आणि पंपाच्या झाकणाचे चार स्क्रू काढले. आत इंपेलरची सहापैकी चारच पाती. पाणी न मिळता कोरडा फिरला की तो असाच फाटतो. नवा इंपेलर लाँचच्या पेटीत होता, बबनराव तो बसवायला लागले. मी म्हटलं, "थांबा. तुटलेली दोन पाती कुठे आहेत?"

"गेली आसतील भाईर."

बाहेर जात नाहीत. पुढे ढकलली जातात आणि एखाद्या वळणावर अडकून बसतात, मग नवा इंपेलर घालूनही पाणी फिरत नाही. बाळंतपणात वार पडली की ती पूर्ण आहे का हे मोजून बघायचं, एक तुकडा आत राहिला तर बाई जाते, हे मला शिकवलेलं होतं. इथेही मोजायचं होतं. पुढच्या नळीचा पट्टा सैल केला, तर एक पातं कोपरात आणि दुसरं त्याच्याही पुढे. माझ्या चिमट्याने दोन्ही काढली. नंतर तो चिमटा मी परत दवाखान्यात वापरला नाही. त्यावर 'इंजिन' अशी चिकटपट्टी लावली.

इंजिन सुरू झालं, मागे पाणी पडलं. हौसामावशी म्हणाल्या, "शिस्टर, तुमी गडी असता तर लय मोठं मेकॅनिक झाला असता." कौतुकच होतं ते. मला तेव्हाही राग आला होता, हे नोंदवून ठेवते.

पण दोन आठवड्यांनी तेच. मग पुन्हा. धक्क्याला आणून मेकॅनिकला दाखवावं तर तळाचं तोंड स्वच्छ, गाळणी स्वच्छ, सगळं ठीक. इंपेलर तेवढा फाटलेला. वर्षभरात तो किती वेळा बदलला ते लिहीत नाही, लाज वाटते. खात्याला मी पत्रं पाठवली, व्यवस्थित, मुद्द्यांना आकडे घालून. उत्तर म्हणून शेवटी एक साहेब आले. यांत्रिकी शाखेचे. ते बुधवारी आले, लाँच पलीकडे नेऊन परत आणली, आणि इंजिन जराही तापलं नाही.

साहेबांनी बबनरावांकडे बघितलं. "काय हो, तुम्ही दामटता वाटतं इंजिन? लक्ष कुठे असतं?"

बबनराव सव्वीस वर्षं पाण्यावर होते. त्यांनी टोपी काढून हातात धरली. ती टोपी बघून माझं डोकं जे फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही.

"साहेब, लक्ष माझंही असतं. मी रोज त्याच लाँचमध्ये असते."

"सिस्टर, तुम्ही इंजेक्शनं बघा. हे दोनच प्रकारचं असू शकतं. चालक निष्काळजी, नाहीतर इंजिनाचं वय झालं. पुढच्या महिन्यात मी अहवाल देणार. इंजिन कंडम झालं तर लाँच बंद."

"आणि पलीकडची माणसं?"

"त्यांच्यासाठी रस्ता आहे ना."

त्या रस्त्याने ते स्वतः कधी गेले होते का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

त्या रविवारी साताऱ्याला घरी मी फेऱ्यांची वही काढली. मी रोजची नोंद ठेवते हे तुम्ही दोघं चेष्टेने सांगता: किती वाजता निघालो, वारा कसा, प्रवासी किती, इंजिन तापलं की नाही. लाल पेन्सिल घेऊन तापल्याच्या सगळ्या नोंदींना खूण केली. एक-दोन सोडल्या तर सगळे शुक्रवार. आणि प्रत्येक वेळी खिरमुऱ्याकडे जाताना, वाघजाईची जागा मागे टाकल्यावर.

ही जागा तुम्हाला माहीत नाही. धरण झालं तेव्हा जुनं खिरमुरा गाव पाण्याखाली गेलं. वाघजाईची मूर्ती लोकांनी डोक्यावर वाहून वर नेली, नवं देऊळ बांधलं. पण देवी वर आली तरी तिची जागा खालीच राहिली, असं तिथल्या बायका मानतात. म्हणून शुक्रवारी लाँच त्या जागेवरून जाताना त्या पाण्यात ओटी भरतात. हळदकुंकू, तांदूळ, नारळ आणि खण. खण म्हणजे चोळीचं कापड, किनारीला जर असते.

दुसऱ्या दिवशी मी गाळणी पुन्हा उघडली. सगळ्यांना ती स्वच्छ दिसली होती, कारण सगळे पानं आणि गाळ शोधत होते. जाळीच्या कडेला, डोळ्यांपाशी धरल्यावर दिसेल असा, जरीचा एक धागा होता.

मी तिथेच लाँचच्या फळीवर बसले. कारण त्या धाग्याबरोबर मला आणखी एक गोष्ट दिसली होती, आणि ती दिसायला दोन वर्षं लागली याचा मला स्वतःचाच इतका संताप आला की बबनराव विचारायला लागले, "बाई, पाणी देऊ का?"

पूर्वी या बायका चालत्या लाँचच्या मागच्या टोकावरून ओटी टाकायच्या. गर्दी, ढकलाढकल. एकदा कडेवर मूल असलेली एक पोरगी घसरली, मी तिचा दंड धरला म्हणून वाचली. त्यानंतर मी नियम केला. वाघजाईच्या जागेवर लाँच थांबवायची, इंजिन चालूच ठेवून. उजवीकडे माझं औषधांचं कपाट, म्हणून सगळ्यांनी डाव्या बाजूला रांगेत उभं राहायचं आणि एकेकीने ओटी सोडायची. तसा कागद मी स्वतः टाइप करून लाँचमध्ये चिकटवला होता, वर प्लॅस्टिक लावून. आणि पाणी ओढायचं तोंड डाव्या बाजूला, रांगेच्या बरोबर खाली. हे मला माहीत होतं. तरी दोन वर्षं मी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघितल्या नाहीत. कारण नियम माझा होता. माझ्या नियमात चूक असेल असं मला वाटलंच नाही.

थांबलेल्या लाँचखाली खण अलगद बुडायचा आणि ते तोंड त्याला ओढून जाळीवर घट्ट चिकटवायचं. पाणी बंद. इंजिन तापलं की बबनराव ते थांबवायचे, ओढ संपायची आणि खण सुटून निघून जायचा. म्हणून कुणालाच काही सापडत नव्हतं.

मी साहेबांना फोन केला. "पुढच्या शुक्रवारी या."

"बुधवारी बघितलंय मी, सिस्टर."

"बुधवारी ते तापत नाही. मला कारण सापडलंय, आणि तुमच्या डोळ्यांसमोर काढून दाखवायचंय. आला नाहीत तर तुम्ही आला नाहीत असं लिहून वरच्या साहेबांना पाठवेन. इंग्रजीत."

ते आले. हौसामावशींना मी आदल्या दिवशी निरोप दिला होता, उद्या नेहमीसारखीच ओटी भरा. कारण सांगितलं नव्हतं. माझा नुसता अंदाज होता, आणि चुकला असता तर बबनराव घरी आणि लाँच काठावर. त्या सकाळी मी चहासुद्धा घेतला नाही.

लाँच थांबली. बायकांनी ओटी सोडली. निघालो. दहा मिनिटांत काटा चढायला लागला. मागच्या नळीतून नुसता कोरडा धूर.

"झालं," साहेब म्हणाले. "इंजिन संपलंय हे. बंद करा."

बबनरावांचा हात पुढे गेला.

"बंद करू नका!" मी म्हटलं. "वेग कमी करा, गिअर काढा, पण इंजिन चालू ठेवा. फक्त एक मिनिट."

"सिस्टर, जबाबदारी कोण घेणार?"

"मी. लिहून घ्या."

लाँच धक्क्याला ओढायला टोकाला लोखंडी आकडी लावलेला एक बांबू असतो. तो घेऊन मी डाव्या काठावर पालथी झोपले. साडी नीटनेटकी होती, ती गेली. हौसामावशींनी न सांगता माझे दोन्ही पाय धरले. बांबू तळाला घासत नेला, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आकडीला काहीतरी मऊ लागलं. ओढलं तर सुटेना. पुन्हा ओढलं, आणि वर आला तो हिरवा खण, पिवळी किनार, मध्ये जाळीच्या चौकोनांचा ठसा उमटलेला.

मागे भसकन पाणी पडलं. काटा उतरायला लागला.

हौसामावशी म्हणाल्या, "ह्यो तर माजाच खण." मग हळू आवाजात, "म्हंजी आमीच मारत हुतो व्हय इंजन?"

"नाही मावशी. मी मारत होते. डाव्या बाजूला मीच उभं केलं तुम्हाला."

बबनरावांनी टोपी घातली. मग इंजिन बंद करून, निवू देऊन आम्ही पंप उघडला. एक पातं तुटलं होतं. तेही शोधून काढलं. साहेब तेवढा वेळ पुढच्या टोकावर, छत्री उघडून बसले होते. मी त्यांना ते पातं दाखवायला गेले, तर म्हणाले, "म्हणजे प्रवाशांनी पाण्यात कचरा टाकल्यामुळे."

"साहेब, तो कचरा नाही. खण आहे."

अहवालात त्यांनी 'कचरा' असंच लिहिलं. इंजिनात दोष नाही, हे मात्र लिहिलं नाही. वय झाल्यामुळे इंजिन सेवेस अयोग्य, शिवाय चालक निष्काळजी, असं लिहिलं. मी तीन पानी पत्र पाठवलं, सोबत खणाचा फोटो. बबनरावांवरचा निष्काळजीपणाचा शेरा तेवढा त्यामुळे निघाला. माझं पत्र योग्य मार्गाने आलं नाही म्हणून बाकीच्या मुद्द्यांचा विचार करता येत नाही, असं उत्तर आलं. सहा महिन्यांनी लाँच काठावर ओढली. ठणठणीत चालणारं इंजिन भंगारात लिलावाला लावलं, आणि मला शहरातल्या दवाखान्यात खुर्ची दिली. निवृत्तीच्या समारंभात माझ्या शिस्तीचं कौतुक झालं. मी भाषण केलं नाही, कारण केलं असतं तर ते समारंभाला शोभलं नसतं.

त्या सहा महिन्यांत इंजिन एकदाही तापलं नाही, कारण हौसामावशींनी दुसऱ्याच शुक्रवारी निकाल लावला होता. मी चाचरत सुचवणार होते की ओटी मागच्या टोकावरून सोडता येईल, मी कठडा लावून देते. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. "हळदकुंकू आन तांदूळ पाण्यात. खण आन नारळ पाटीत, वरच्या देवळात न्हेऊन ठिवायचा. आईला दोनीकडनं पावतंय. तुमी तुमचा कागद काडा तिथला." मी कागद काढला.

निनाद, तू विचारशील, मग तुमचं जिंकणं काय झालं? जिंकलो नाही. लाँच गेली. पलीकडे दवाखाना आता महिन्यातून एकदा जातो, तोही रस्ता चालू असेल तर. हे मी थंडपणे लिहू शकत नाही आणि लिहिणारही नाही. ज्यांनी तो अहवाल लिहिला त्यांना त्या पाण्यावर कधी तहान लागलेली नाही.

पण तुमचा व्हिडिओ पाहिल्यावर मी बबनरावांना फोन लावला. भंगाराच्या लिलावात ते इंजिन खिरमुऱ्याच्या लोकांनी घेतलं होतं आणि आपल्या मोठ्या बोटीला बसवलं होतं. बबनराव निवृत्त झाल्यापासून तेच बोट चालवतात. दर सोमवारी गाळणी उघडतात. 'इंजिन' असं लिहिलेला चिमटा त्यांच्याकडेच आहे. हौसामावशी आता बोटीत चढत नाहीत, पण त्यांची सून खणाची पाटी घेऊन येते.

मी विचारलं, "मागून पाणी पडतंय ना?"

"आवं बाई, धो धो," ते म्हणाले.

इंजिन तेच आहे. शुक्रवारीही चालतं.

तुमची आजी